निवेदनाचा फोटो नको, आवक क्रमांक हवा: गावातून आमदाराला कामाला लावायची पद्धत

विदर्भातल्या आमच्या शिवारात मोजणीवाले आले तेव्हा अर्धं गाव कापूस वेचायला वावरात होतं. मागे पोलिसांची गाडी. तिपाईवर मशीन लागली, धुऱ्यावर खुंट्या ठोकल्या गेल्या, त्यांच्या डोक्याला लाल रंग. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काहून मोजून राह्यले भाऊ?" उत्तर आलं, "आमाले वरून ऑर्डर हाय." ऑर्डर कोणाची, कोणत्या कायद्याची, कोणत्या तारखेची, हे त्या दिवशी कोणीच विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर गावातला शिकलेला.

दुसऱ्या दिवशी चाळीस जण आमदारांकडे गेलो. निवेदन दिलं, हातात कागद धरून फोटो काढला, फोटो पेपरात आला. गावाला वाटलं काम झालं. चार महिन्यांनी पुन्हा गेलो तर साहेबांचे पीए म्हणाले, "कोणतं निवेदन? आवक नंबर सांगा ना." आवक नंबर म्हणजे कार्यालयाच्या रजिस्टरात कागद नोंदला की पडतो तो क्रमांक. तो नव्हता. आमच्याकडे फोटो होता.

तिथून पुढं जे शिकलो ते इथं लिहितो आहे. रस्ता असो, खाण असो, वनखात्यानं अडवलेलं जंगल असो, की मुंबईत येऊ घातलेला एखादा कायदा. सरकार हद्द ओलांडतंय असं वाटलं की गावानं काय करायचं आणि कोणत्या क्रमानं करायचं, त्याची ही रीत. मी वकील नाही. अडलेल्या जागी वकील गाठा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नवाले यांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी कागद, मग घोषणा

"सरकार जुलूम करतंय" या वाक्याला कोणतंही कार्यालय उत्तर देत नाही. "कलम अमुकखालची नोटीस आम्हाला मिळाली नाही" याला द्यावं लागतं. म्हणून पहिल्या आठवड्यात एकच काम: समोरचा माणूस कोणत्या कायद्यानं तुमच्या वावरात उभा आहे ते शोधणं.

जमिनीचंच घ्या. संपादन २०१३च्या भूसंपादन कायद्यानं होत असेल तर कलम ११ची प्राथमिक अधिसूचना निघते आणि ती निघाल्यापासून हरकतीला ६० दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६चा कायदा लागतो आणि तिथं हरकतीला फक्त २१ दिवस. राज्याच्या महामार्ग कायद्याखाली संपादन असेल तर वाट आणखी वेगळी. गावात मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, "नोटीस आली". कोणती, हे वाचेपर्यंत २१ दिवस उडून जातात.

२०१३च्या कायद्यातलं कलम १२ मला फार उशिरा कळलं. जमीनमालक हजर नसताना मोजणी करायची असेल तर त्याला किमान ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. घरात किंवा घराला लागून असलेल्या कुंपणाच्या आवारात शिरायचं तर राहणाऱ्याची संमती हवी, नाहीतर सात दिवसांची पूर्वसूचना. आमच्याकडची मोजणी याच कायद्याखालची निघाली. त्या सकाळी हे कलम झेरॉक्स करून एकाच्या जरी खिशात असतं, तरी निदान दोन तास वाद घालता आला असता, आणि तो वाद पंचनाम्यात लिहून घ्या म्हणता आलं असतं.

आदेशाची प्रत मागायला माहितीचा अधिकार वापरा. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे गाऱ्हाणं लिहीत बसू नका. "अमुक तारखेच्या मोजणीचा आदेश, त्यासोबतची नोटीस बजावल्याची यादी आणि पंचनामा यांच्या प्रती द्याव्यात", बस. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील, तिथंही नाही तर ९० दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ नागपूरलाही आहे आणि अमरावतीलाही. तिथं तारीख लवकर लागत नाही, पण खालच्या कार्यालयाला अपिलाचा कागद बोचतो, आणि पुष्कळदा प्रती पहिल्या अपिलाच्या सुनावणीआधीच हातात पडतात.

ग्रामसभा: इथं घाई करू नका

ठराव कसा घ्यायचा हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठराव कसा फुकट जातो, ते ठाऊक नसतं.

वर्षात निदान चार ग्रामसभा होतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास. त्यातली जवळची धरा. सभेची नोटीस निघायच्या आधी सरपंचांना आणि ग्रामसेवकाला (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून ग्रामसेवकच) लेखी द्या की हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि त्या कागदाची पोच घ्या. "वेळेवर येणाऱ्या विषयात घेऊ" असं गोड बोलून टाळलं जातं. त्याला भुलू नका. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली लहान संख्या लागते. म्हणजे हजार मतदारांच्या गावात शंभर माणूस. वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला शंभर माणूस जमत नाही. बाया किलोच्या भावानं वेचतात, एक दिवस गेला तर तेवढी मजुरी गेली. सभा दिवेलागणीला ठेवायला लावा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा नियमच आहे. ती नुसती कागदावर होऊ देऊ नका, कारण घर जायची वेळ आली की सगळ्यात खरं बायाच बोलतात.

आता प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचं कामकाज लिहायची वही. आमच्याकडे एकदा ठराव झाला, हात वर झाले, सगळे घरी गेले. सह्या हजेरीपानावर होत्या, ठरावाचा मजकूर दुसऱ्या दिवशी लिहिला गेला, आणि त्यात शेवटी एक ओळ वाढलेली निघाली: "योग्य मोबदला मिळाल्यास हरकत नाही." ती कोणी लिहिली याचा छडा आजवर लागला नाही. तेव्हापासून आमची रीत अशी. ठराव सभेतच लिहायचा, मोठ्यानं वाचायचा, शेवटच्या शब्दाला लागून आडवी रेघ मारायची म्हणजे खाली जागाच उरत नाही. सूचक आणि अनुमोदकाचं नाव लगेच. त्या पानाचा मोबाइलवर फोटो, तारीख-वेळेसकट, तिथंच. हजेरीच्या प्रत्येक पानावर वर शीर्षक लिहायचं, "अमुक तारखेची ग्रामसभा, विषय अमुक", कारण कोऱ्या शीर्षकाचं सह्यांचं पान उद्या कोणत्याही संमतिपत्राला जोडता येतं. आठवड्यात ग्रामसेवकाच्या सही-शिक्क्याची सत्यप्रत मागून घ्यायची.

या ठरावाचं वजन किती, हेही खरं खरं समजून घ्या. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या आदिवासी भागातलं, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातलं गाव असेल, जसं गडचिरोलीचा मोठा भाग, मेळघाट, यवतमाळ-चंद्रपूरमधले काही तालुके, तर वजन फार मोठं. २०१३च्या कायद्याचं कलम ४१ तिथं संपादनाआधी ग्रामसभेची संमती मागतं, आणि या क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यात पोडाची, टोल्याची, म्हणजे छोट्या वस्तीचीही स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. शिवाय पाचव्या अनुसूचीनं राज्यपालांना अधिकार दिलाय की राज्याचा एखादा कायदा त्या क्षेत्राला लागू नाही, किंवा बदल करून लागू, असं ते ठरवू शकतात. त्यामुळे पेसा गावांनी निवेदनाची एक प्रत राजभवनाला पाठवायलाच हवी. बाकीच्या गावांत ठराव बुलडोझर थांबवत नाही. तो पुरावा असतो, पुढं आमदाराच्या, समितीच्या, कोर्टाच्या टेबलावर ठेवायचा.

पण ग्रामसभा नेटानं चालली तर कुठवर पोचते, तेही आपल्याच भागात दिसलंय. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. बांबूचा वाहतूक परवाना मात्र वनखातं सोडेना. शेवटी २७ एप्रिल २०११ला केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यामागं कित्येक वर्षं नियमित भरणाऱ्या सभांची टिपणं होती.

आमदार काय करू शकतो, काय नाही

आपली सगळ्यात मोठी चूक इथं होते. आपण आमदाराकडे असं काही मागतो जे तो देऊच शकत नाही, आणि तो हो म्हणतो. दोघंही खूश.

"साहेब, या कायद्याच्या विरोधात मत द्या." १९८५पासून पक्षांतरबंदी आहे. पक्षानं व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं त्याचा आदेश, काढला आणि आमदारानं उलट मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. सत्ताधारी बाकावरचा माणूस तुमच्या मंडपात येऊन "मी तुमच्यासोबत आहे" म्हणेल, सभागृहात हात पक्षासोबतच वर करेल. त्याला शिव्या घालून उपयोग नाही. "साहेब, मोजणी बंद करा" हेही तसंच. तो उपविभागीय अधिकाऱ्याला फोन करेल, फोनची नोंद कुठंच राहत नाही.

मागायचं ते असं, ज्याला त्याच्या पक्षाची आडकाठी नाही आणि ज्याची नोंद उरते. लेटरहेडवर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र. कार्यालयाला त्याचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर तुम्ही माहिती अधिकारात काढू शकता. मंत्र्यांच्या दालनात बैठक, तिचं इतिवृत्त मागून घ्यायचं. सभागृहात तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी), औचित्याचा मुद्दा. विनंती अर्ज समितीपुढे तुमचा अर्ज सदस्याच्या सहीनं सादर करणं. विधेयक असेल तर ते समितीकडे पाठवा ही मागणी, नाहीतर दुरुस्ती.

यात तारांकित प्रश्नाचं कौतुक मला जास्त आहे. मंत्र्याला छापील उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरासाठी मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून तुमच्या पटवाऱ्याला विचारणा येते. "प्रश्न लागलाय" म्हटलं की ज्या कार्यालयात चार महिने फाइल सापडत नव्हती तिथं दुपारपर्यंत सापडते. फक्त प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असेल तर दिवाळीच्या आधीच आमदारांच्या हातात मजकूर हवा. आपण जातो अधिवेशनाच्या तोंडावर, मग फक्त लक्षवेधीची आशा उरते, आणि लक्षवेधीसाठी आमदारांची रांग असते.

मजकूर तयार करून द्या. पीएला शोधायला लावू नका, त्याच्याकडे लग्नपत्रिकांचाच ढीग असतो. विधिमंडळाचा साचा ठरलेला आहे, तो असा:

"(१) अमुक तालुक्यातील मौजा अमुक येथे दिनांक अमुक रोजी भूसंपादनासाठी मोजणी करण्यात आली, हे खरे आहे काय, (२) असल्यास, गैरहजर जमीनधारकांना भूसंपादन अधिनियम, २०१३ च्या कलम १२ अन्वये ६० दिवसांची पूर्वसूचना देण्यात आली होती काय, (३) नसल्यास, सदर मोजणी रद्द करून संबंधितांवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

चार कलमं, एक गाव, एक तारीख. यात "अन्याय" हा शब्द नाही, तो लागतही नाही. उत्तर बहुधा "हे अंशतः खरे आहे" किंवा "प्रश्न उद्भवत नाही" असं येतं. वाचून राग येईल. कापून जपून ठेवा, कारण "अंशतः" म्हणजे किती, हाच पुढचा प्रश्न.

आणि आमदार एकच नसतो. विदर्भातून विधानसभेवर ६२ जण जातात. शिवाय विधान परिषदेत नागपूर आणि अमरावती विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे आमदार आहेत, स्थानिक स्वराज्य संस्थांचे आहेत. गावातले पदवीधर मत देतात आणि सहा वर्षं त्या माणसाला विसरतात. सत्ताधारी आमदारानं प्रश्न लावायला कां-कूं केली तर तोच मजकूर शेजारच्या मतदारसंघातल्या विरोधी आमदाराला आणि परिषदेतल्या एकाला द्या. दोन्ही सभागृहांत एकच प्रश्न लागला की तो गावापुरता राहत नाही.

भेट कशी घ्यायची

चाळीस माणसं नेऊ नका. पाच न्या: एक कागद सांगणारा, एक जमीन जाणारी बाई, एक तरुण, एक आमदाराच्या पक्षाचा गावातला माणूस (तो हवाच), आणि एक जो काही बोलणार नाही, फक्त वहीत लिहील. अशी भेट घराच्या दरबारात होऊ नये, कारण तिथं टाळ्या वाजवणारे असतात. अधिवेशन नसलेल्या दिवसांत सकाळी लवकर, आधी वेळ ठरवून जा.

निवेदन एक पान. वर विषय, मग तीन वाक्यांत घटना, मग एका वाक्यात मागणी, खाली तारीख. जोडपत्रं मागे: ठरावाची सत्यप्रत, नोटिसा, सह्या. सह्यांची यादी मतदार यादीच्या भाग क्रमांकाप्रमाणे लावा. आपल्या राज्यात एका विधानसभा मतदारसंघात सरासरी सव्वातीन लाखांवर मतदार आहेत, त्यात तुमचं गाव आमदाराला ठिपक्याएवढं दिसतं. पण "भाग क्रमांक अमुक, ९४० पैकी ६१२ सह्या" असं पान समोर आलं की त्याला मागच्या निवडणुकीचा आकडा आपोआप आठवतो. धमकी द्यावी लागत नाही, देऊही नये. आकडा फुगवू तर मुळीच नये. मेलेल्या माणसाची एक सही निघाली की उरलेल्या ६११ गेल्या. आणि सह्या-मोबाइल नंबरांचं पान व्हॉट्सअपवर फिरवू नका; लोकांनी ते आमदारासाठी दिलेलं असतं, गावच्या ग्रुपसाठी नाही.

निघताना दोन प्रतींपैकी एकीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख. पीए म्हणेल, "ठेवा ना काका, मी आहे." हसून म्हणायचं, "तुम्ही आहातच, पण गावात दाखवावं लागतं." शिक्का मिळाला नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती ठेवा. रजिस्टर एडीची सवय असलेल्यांसाठी: २०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिळवलंय, पोच हवी असेल तर काउंटरवर तसं सांगावं लागतं.

आता फोटो काढायचा असेल तर काढा.

कायदाच येत असेल तर

वावरातली खुंटी दिसते, विधेयक दिसत नाही. म्हणून गाव त्यावर उशिरा जागं होतं.

संघटनांवर बंदी घालायचा अधिकार सरकारला देणाऱ्या महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकाचा प्रवास आठवून पाहा. पावसाळी अधिवेशनात २०२४ मध्ये ते आलं, तसंच राहिलं. डिसेंबर २०२४ला नागपूरच्या अधिवेशनात पुन्हा मांडलं गेलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या, त्या बारा हजारांवर आल्या. बऱ्याच संघटनांचं म्हणणं होतं की ते मागंच घ्या. ते झालं नाही. पण "व्यक्ती आणि संघटना" अशी जी ऐसपैस भाषा होती, ती समितीतून परतताना कडव्या डाव्या आणि तत्सम संघटनांपुरती आवळली गेली. १० जुलै २०२५ला विधानसभेत ते आवाजी मतदानानं मंजूर झालं. आवाजी, म्हणजे कोणत्या आमदारानं हो म्हटलं याची नावनिशी यादीच नाही.

"तत्सम" या शब्दात उद्या कोण कोण बसेल ही धास्ती मलाही आहे. पण कामाच्या दृष्टीनं यातून एक वेळापत्रक हाती लागतं. शब्द बदलतात समितीत. मंजुरीच्या दिवशी मोर्चा काढून शब्द बदलत नाही. तेव्हा विधेयक मांडलं की विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून मराठी प्रत उतरवा, पारावर मोठ्यानं वाचा, आणि सूचना कलमवार पाठवा: "कलम अमुकमधील अमुक शब्द वगळावेत, कारण आमच्या गावच्या अमुक आंदोलनाला तो लागू शकतो." हजार जणांनी एकच छापील मजकूर पाठवला तर समितीचा बाबू तो एकच धरतो. पन्नास गावांनी पन्नास उदाहरणं दिली तर ती पन्नास सूचना होतात. त्याच वेळी आमदाराला म्हणा, मंजुरीच्या दिवशी मतविभागणी मागा, म्हणजे कोणी कोणतं मत दिलं ते नावानिशी नोंदलं जाईल. हे विरोधी बाकावरच्यांनाही आठवण करून द्यावं लागतं.

मंजुरीनंतर राज्यपालांची संमती लागते. अनुच्छेद २००नुसार ते विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. फार आशा ठेवू नका, पण पत्र पाठवा. वटहुकूम असेल तर गणित वेगळं: सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याला मंजुरी लागते, नाहीतर तो पडतो. केंद्राचा भूसंपादन दुरुस्तीचा वटहुकूम ३१ डिसेंबर २०१४ला निघाला, पुन्हा पुन्हा काढावा लागला, आणि देशभरच्या शेतकऱ्यांच्या विरोधापुढं ३१ ऑगस्ट २०१५ला सरकारनं तो संपू दिला. खासदारांना गावोगाव तोंड देता येईना, हे त्यामागचं साधं कारण.

वेळ साधण्याबद्दल आणखी एक. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, ८०२ किलोमीटरचा म्हणून आखला गेलेला शक्तिपीठ महामार्ग. कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी ताणून धरलं, सत्ताधारी-विरोधी दोन्हीकडच्या नेत्यांना बोलायला भाग पाडलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, त्या जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना मागं घेतली गेली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं प्रकल्पाच्या भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर केली. निवडणुकीआधी जे मिळतं ते लेखी आणि कायमचं करून घ्या. "तूर्तास स्थगिती" या दोन शब्दांवर फटाके फोडू नका. आमच्याकडचे यवतमाळ-वर्ध्याचे लोक तेव्हा कोल्हापूरकडे बघत बसले, हेही कबूल केलं पाहिजे.

नागपूरचा मोर्चा

१९५३च्या नागपूर करारामुळे वर्षातलं एक अधिवेशन आपल्या दारात येतं. डिसेंबरची थंडी, वेचणीचा हंगाम, आणि शहरात मोर्चांची रांग. जायचं असेल तर जा, पण मोर्चा हा शेवटचा कागद आहे, पहिला नाही. प्रश्न लागलेला असेल, त्या दिवशी तो चर्चेला असेल, तर मोर्च्याला अर्थ. नाहीतर पोलिस अडवतात तिथं दिवसभर बसायचं, संध्याकाळी पाच जणांचं शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटतं, "सकारात्मक विचार करू" ऐकून परत. त्या पाचांनी निघण्याआधी मंत्र्यांच्या सहीचा शेरा निवेदनावर घ्यावा आणि त्याचा फोटो.

परवानगीचा अर्ज पोलिसांकडे आधी द्या, मार्ग आणि संख्या खरी लिहा. शहरात जमावबंदी आहे का, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ लागू आहे का, ते विचारून घ्या. कार्यकर्त्यांना आदल्या दिवशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ची नोटीस येऊ शकते. घाबरू नका, वाचून सही करा, प्रत ठेवा. ताब्यात घेतलं तर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे नेणं बंधनकारक आहे. वकिलाचा नंबर मोबाइलमध्ये नाही, हातावर पेननं लिहा, कारण मोबाइल आधी जातो.

गर्दीची जबाबदारी मात्र पोलिसांवर सोडू नका. २३ नोव्हेंबर १९९४ला याच शहरात, अधिवेशन सुरू असताना, गोवारी बांधवांच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. बाया आणि लेकरं त्यात होती. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. मोर्च्याला जाणाऱ्या प्रत्येक गाडीतली माणसं आम्ही एकदा तिथं उतरवतो. मग सांगतो: लहान लेकरांना आणू नका, दोरीच्या आत चाला, दर पन्नास माणसांमागे एक स्वयंसेवक, परतीच्या गाडीचा नंबर चिठ्ठीवर, आणि बॅरिकेडला खेटून पुढं बाया बसवायची आपली जी सवय आहे ती सोडा.

पाठपुराव्याची वही

आमच्याकडे दोनशे पानी एक वही आहे. पाच रकाने: तारीख, कोणाला दिलं, आवक क्रमांक, काय उत्तर आलं, पुढची तारीख. मंत्र्यांनी सभागृहात "चौकशी करू" म्हटलं तर ते आश्वासन ठरतं. पाळलं नाही तर आमदारामार्फत आश्वासन समितीकडे नेता येतं, म्हणून कामकाजाचं त्या दिवसाचं पान उतरवून वहीत चिकटवायचं. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. वही घेऊन एक जण जातो. आळीपाळीनं, नाहीतर एकाच माणसाच्या वावराचं वाटोळं होतं आणि तो वैतागून सोडतो.

वही सध्या एका अंगणवाडी मदतनीस ताईंकडे आहे. त्यांचं अक्षर चांगलं, आणि त्या कोणाला ऐकत नाहीत. गेल्या अधिवेशनाआधी पीएचा फोन आला, "ताई, तुमचा तो मोजणीचा प्रश्न, नंबर काय होता?" ताईंनी वही उघडून आवक क्रमांक सांगितला, तारीख सांगितली, आणि वर विचारलं, "उत्तराची प्रत कधी देता, सोमवारी का मंगळवारी?" मंगळवारी मिळाली. "हे अंशतः खरे आहे" असं तिच्यात आहे. पुढचा प्रश्न आम्ही लिहायला घेतलाय, दिवाळीच्या आत द्यायचा आहे.